जिवंत माणसाचा कोशोक

आपाच्या तोंडात एकच शब्द उरला होता, आणि तो होता "चहा".

भूक लागली तरी चहा. उशी टोचली तरी चहा. शेजाऱ्यांचं कुत्रं कोंबडीच्या मागे लागलं तेव्हाही आपा डाव्या हाताने खिडकीची काच बडवत ओरडत होती, "चहा! चहा! चहा!" सुरुवातीला घरातले सगळे इतके भांबावलेले, की तिने तोंड उघडलं रे उघडलं की कुणीतरी धावत चहाची वाटी भरून आणायचं. उशाशी वाट्यांची रांग लागायची, वर सायीचा पापुद्रा धरायचा, आणि आपा त्या रांगेकडे बघून ढसाढसा रडायची.

जिबेकला हे सहन व्हायचं नाही. सोळा वर्षांची पोर, आत-बाशी गावच्या शाळेत दहावीला, आणि बोलण्यात तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. ही जीभ तिला आईकडूनच आलेली. कारण आपा, म्हणजे तिची आई सालकिन, ही काही साधीसुधी बाई नव्हती. त्या अख्ख्या दरीत कुणी वारलं की तिच्या दाराशी गाडी यायची, बर्फ फार असलं तर घोडा यायचा. मयताच्या अंगणात तंबू उभा राहायचा, आत बायका दाराकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून बसायच्या, आणि सालकिन गेलेल्याचा कोशोक म्हणायची. तो चालायचा कसा, रागावायचा कसा, कुणाच्या अडीअडचणीला कसा उभा राहायचा, सगळं सुरात, सगळं रडत. मेलेल्याशी ज्यांचा उभा दावा होता तेही ऐकताना नाक पुसायचे.

अशी बाई ऑक्टोबरात बोर्सोकच्या तळणाची कणीक मळता मळता परातीवरच कलंडली. डोक्यातली एक नस तुंबली, उजवा हात लुळा पडला, आणि एवढं मोठं शब्दांचं दुकान एका दुपारी बंद झालं. फळीवर एकच माल शिल्लक, चहा.

घर चालवायला बुरुल आत्या येऊन राहिली, बाबांची थोरली बहीण. बाबा, म्हणजे एसेनबेक, ट्रकवर. चीनच्या सीमेवरून माल आणायचा, खिंडी ओलांडून उत्तरेला पोचवायचा, पुन्हा परत. घरी असतील ते दिवस थोडेच. आत्या पहाटेपासून राबायची, मेंढीची चरबी गरम करून आपाचा लुळा हात तासभर चोळायची. त्यात तिला नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त ती आपासमोर आपाबद्दल अशी बोलायची की जणू आपा म्हणजे कोपऱ्यातली गादी.

"हिचं आता असंच राहायचं," ती शेजारणीला सांगायची. "देवाने जीव ठेवला हेच पुष्कळ."

"आत्या, तिला सगळं कळतं!"

"कळतं तर बोलत का नाही?"

"डॉक्टर म्हणाले ना, कळणं वेगळं आणि बोलणं वेगळं."

"तू बोलतेस तेवढं पुरे आहे या घराला. जा, शेण काढ."

नारिन शहरातल्या दवाखान्यात नासिपा एजे, म्हणजे नासिपाताई, होत्या. पडलेली वाचा परत आणायचं काम करणाऱ्या त्या भागातल्या त्या एकट्याच. जिबेक आपाला घेऊन भाड्याच्या मोटारीत दाटीवाटीने बसून त्यांच्याकडे जायची, आणि रस्ता बंद असला की फोनवर त्यांना आपाचं तोंड दाखवायची. एजेंनी चित्रांचे पत्ते दिले. गाय, चमचा, चूल, टोपी. चित्र दाखवायचं, शब्दाचा पहिला आवाज आपण काढून द्यायचा, पुढचा आपाने पूर्ण करायचा.

"गा... आपा, गा..."

आपाचे ओठ जमायचे, कपाळावर शीर उठायची, ती गायीकडे अशी बघायची की आता ती कागदावरून हंबरेल. आणि मग, "चहा."

एके दिवशी तिने डाव्या हाताने सगळे पत्ते गोळा केले, लंगडत चुलीपाशी गेली आणि आत टाकून दिले. चमचा जळला, टोपी जळली, गाय सगळ्यात शेवटी जळली. जिबेकने फोनवर एजेंना सांगितलं, तेव्हा त्या रागावल्या नाहीत.

"चिडते आहे ना? चिडू दे. मला भीती गप्प बसण्याची वाटते. पहिले काही महिने डोकं स्वतःच नव्या वाटा शोधत असतं, जिबेक. त्यात माणसाने बोलायची आसच सोडली तर मग आम्हीही फार काही करू शकत नाही. बरं, मला सांग, आई गायची का?"

जिबेक चुलीतली राख उकरत राहिली.

"अगं, विचारते आहे. बोलण्याचा रस्ता दरड कोसळून बंद झालाय. पण गाण्याचा रस्ता डोंगराच्या पलीकडच्या अंगाने जातो. काही माणसांना 'पाणी' म्हणता येत नाही, पण पाण्याचं गाणं म्हणता येतं. तिच्या अंगात मुरलेलं गाणं घे. तिचा डावा हात हातात धरून एकेका अक्षराला हळूच ठोका दे. आधी दोघींनी नुसतं गुणगुणायचं. मग दोघींनी म्हणायचं. मग तू हळूहळू मागे सरायचं. शब्द सुटू लागले की चाल तीच ठेवायची आणि त्यात रोजचे शब्द भरायचे. भूक लागली, पाय दुखतो, दार लाव. चाल नंतर काढून घेता येते."

जिबेक हरखून गेली. एवढंच ना? गाणी तर तिला पोत्याने येत होती! तिने शाळेतलं गाणं घेतलं, लग्नातलं घेतलं, वसंताच्या सणाचं घेतलं. रेडिओवरची सगळी घेतली. आपाचा हात हातात धरून ठोके देऊन देऊन तिचाच तळवा लाल झाला. आपा गुणगुणायची, सूर अगदी जागच्या जागी, पण शब्द एकही नाही. अंगाईलासुद्धा नुसतं हं हं हं. शेवटी आपा हात सोडवून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

जिबेकला ठाऊक होतं, अंगात मुरलेलं गाणं कोणतं ते. तिला पहिल्या क्षणीच ठाऊक होतं. पण कोशोक घरात म्हणत नाहीत. मेलेलं माणूस समोर नसताना म्हणत नाहीत. आपा स्वतः नवा कोशोक बांधायची तर नदीकाठी जाऊन, घराकडे पाठ करून बांधायची. एकदा जिबेक लहानपणी खेळताना त्याची ओळ गुणगुणली, तर आपाने तिच्या तोंडावर फटका मारला होता. असलं गाणं कुणाला तरी बोलावून घेतं म्हणतात.

आणि त्यातही आपाचा सगळ्यात गाजलेला कोशोक होता एका ड्रायव्हरचा. वरच्या आळीतला, हिवाळ्यात खिंडीत गाडीसकट गेलेला. त्याची बायको दर वर्षश्राद्धाला तोच म्हणायला लावायची, त्यामुळे तो आपाच्या तोंडात पार बसलेला.

डिसेंबर आला. आपाने भाकरीला हात लावणं सोडलं. "चहा" म्हणणंही कमी झालं. सबंध दिवसात एकदाही तोंड उघडलं नाही, तेव्हा मात्र जिबेक उठली. आत्या गोठ्यात गेलेली. जिबेकने आपाला भिंतीकडून आपल्याकडे वळवलं, हात धरला, आणि डोळे मिटून तो सूर लावला.

हातात धरलेला हात ताठ झाला.

"खिंडीवरच्या..." जिबेक कुजबुजली.

"...बर्फामध्ये, दिवा तुझा विझला कसा," आपा म्हणाली.

म्हणाली! आपा म्हणाली! जिबेकने डोळे उघडले. आपाच्या तोंडातून शब्द असे बाहेर पडत होते, जसे कोंडवाडा उघडल्यावर कोकरं.

"तापलेल्या इंजिनाला गारठा रे डसला कसा,
रस्त्याकडे लावून कान दाराशी तुझी लेकरं उभी..."

"थू! थू! थू!" दारात बुरुल आत्या. दुधाची बादली जमिनीवर, पांढरा ओघळ गालिच्याच्या काठापर्यंत. तिने धावत येऊन आपाच्या तोंडावर तळवा दाबला. "जिवंत घरात कोशोक? माझा भाऊ रस्त्यावर आहे, खिंडीत आहे, आणि त्याची पोरगी, त्याची बायको..."

"आत्या, ती बोलली! ऐकलंस ना? 'दिवा' म्हणाली, 'इंजिन' म्हणाली!"

"माझ्या भावाचं मरण म्हणाली! बोलण्यासाठी त्याला खाणार आहात का दोघी?"

आपाच्या डोळ्यांतून पाणी आत्याच्या बोटांवरून वाहत होतं. आत्याने हात काढला. आपा म्हणाली, "चहा."

बाबा घरी आले तेव्हा आत्याने सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. बाबा म्हणजे रागावणारा माणूस नव्हे. त्यांनी बूट काढले आणि ते आपाशेजारी बसले.

"जिबेक, दुसरं कुठलंही गाणं म्हण," ते म्हणाले. "हे नको, बाळ."

"दुसऱ्यात शब्दच नाहीत, बाबा! मी सगळी म्हणून बघितली."

"तो ड्रायव्हर गेला त्या वळणावरूनच मी जातो. प्रत्येक वेळी. तिथे त्याची पाटी आहे, प्लॅस्टिकची फुलं लावलेली. मी हॉर्न वाजवून पुढे जातो आणि मागे वळून बघत नाही." त्यांनी मान हलवली. "हे नको."

आपा हे सगळं ऐकत होती. तिने स्वतःहूनच डाव्या हाताने तोंड झाकून घेतलं. जिबेकला वाटलं, यापेक्षा आत्याचा हात बरा होता.

त्या दिवसानंतर आपाने गुणगुणणंही सोडलं. जिबेकने नासिपा एजेंना फोन केला आणि एका दमात सगळं ओकून टाकलं.

"एजे? आहात ना?"

"आहे गं. मी पण याच मातीतली आहे. माझा नवरा रस्त्यावर असता आणि घरात कुणी तो सूर लावला असता, तर मीसुद्धा किंचाळले असते." मग हळूच, "पण शब्द आले ना? आलेली वाट पुन्हा बुजते, जिबेक. मी तुला 'म्हण' सांगू शकत नाही. 'म्हणू नको'ही माझ्याने सांगवत नाही."

जिबेक विचार करकरून वेडी व्हायची पाळी. कोशोक म्हणायला हक्काची जागा एकच, मयताचं घर. आता कुणी मरावं म्हणून वाट बघायची की काय? लाज वाटली तिला. आणि लाज वाटत असतानाच, खरं सांगायचं तर, ती वाट बघत होती.

जानेवारीत पलीकडच्या गावातली सेइल आजी गेली. पिकलं पान, पतवंडं खेळवून गेलेली. आत्या स्वतःच्या लेकीकडे गेली होती, बाबा सीमेपलीकडे, खिंड बर्फाने बंद आणि त्यांचा फोन लागत नव्हता, जसा तो नेहमीच लागायचा नाही. जिबेकने आपाला जाड कोट चढवला, डोक्याला पांढरा रुमाल बांधला आणि शेजारच्या कुबात काकांना गाडी काढायला लावली.

"काका, आपाला सेइल आजीचं शेवटचं दर्शन घ्यायचंय."

"तिने सांगितलं?"

"हो."

"काय सांगितलं?"

"चहा," जिबेक म्हणाली. काका हसावं की रडावं अशा चेहऱ्याने चावी शोधायला गेले.

तंबूत बायकांनी सालकिनला बघितलं आणि कल्ला झाला. "अगं बाई, उठलीस का तू!" "ये, ये, इथे बस, तुझी जागा." कुणीतरी विचारलं, "कशी आहेस गं?" आपा म्हणाली, "चहा," आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या. एक जण दुसरीच्या कानात म्हणाली, "काय होती आणि काय झाली!" ते तंबूभर ऐकू गेलं.

आपा दाराकडे पाठ करून बसली. जिबेक तिला चिकटून मागे. डावा हात हातात घेतला. ठोका दिला. एक सूर. पुन्हा ठोका.

आणि सालकिनने कोशोक म्हटला.

आधी दबक्या आवाजात, चाचपडत, मग तंबूचं कापड फुगावं तशी. खिंड आली, दिवा आला, इंजिन आलं. "हॉर्न तुझा वाजत नाही, समजूत त्यांची घालू कशी." एक शब्द गळला नाही, एक अडखळला नाही. जिबेक हातावर ठोके देत होती आणि आनंदाने रडत होती. आजूबाजूच्या बायकाही रडत होत्या, पण हळूहळू एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या. जिबेकचं लक्ष कुठलं असायला!

कारण सेइल आजी जन्मात कधी ट्रकमध्ये बसली नव्हती.

"सालकिन," म्हाताऱ्या यजमानीणबाईंनी आपाचा खांदा धरला, "काय झालं गं? तुझा एसेनबेक...?"

आपा दमून गेली होती. तिने वर बघितलं, गाल ओले. "चहा," ती म्हणाली, "चहा, चहा..."

"दुःखाने जीभ सुटली हिची," कोणीतरी पुटपुटलं. एक काकू जिबेकच्या गळ्यात पडली. "धीर धर, पोरी. तू एकुलती एक. आता तुलाच धीर धरायचाय."

"हो काकू," जिबेक हुंदके देत, हसत म्हणाली, "केव्हाची धरतेच आहे."

परतीच्या वाटेवर ती आपाला विचारत राहिली. माझं नाव काय, आपा? हे काय, गाडी ना? तो काय, घोडा? बांध फुटलाय, आता सगळं वाहून येईल, अशी तिची खात्री. आपा प्रयत्न करत होती, ओठ चावत होती. चहा. चहा. चहा. घर येईपर्यंत जिबेकने विचारणं थांबवलं होतं. खिडकीच्या काचेला कपाळ टेकून तिने ठरवूनच टाकलं की संपलं. एक मेलेलं गाणं तेवढं शिल्लक आहे, आणि त्याच्या आत आई बंद आहे, आणि बाहेर काढायला दार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या परत येऊन गोठ्याकडे निघाली होती. तेवढ्यात रस्त्यावरून आरोळी आली.

"ओ माझ्या भावा! ओ माझ्या पाठीच्या भावा!"

मयताच्या घरी पुरुष असेच येतात. लांबूनच घोडा पिटाळत, ओरडत, खोगिरावर डोलत. दोन घोडे, मागे मोटारींची रांग, पहिल्या मोटारीच्या मागच्या खिडकीतून बाहेर डोकं काढून बघणारी एक मेंढी. रात्रीतून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी फिरली होती, आणि या घरात ग्रुपवर होते ते फक्त बाबा.

आत्या होती तिथेच खाली बसली. "एसेन?" ती म्हणाली, आणि मग ती जे ओरडली ते जिबेक जन्मभर विसरणार नव्हती. जिबेकने फोन काढला. लागत नाही. पुन्हा. लागत नाही. फाटकातून माणसं रडत आत येत होती आणि तिच्या डोक्यात एकच वाक्य गरगरत होतं, मी गायला लावलं. मी गायला लावलं. तिला कुणाला विचारावंसंही वाटलं नाही, कुठे, कसं, कधी. तिला ठाऊक होतं कुठे. त्या वळणावर.

आतून धप्प आवाज झाला. आपा पलंगावरून उतरताना पडली होती. ती एका हाताने गालिच्यावरून स्वतःला ओढत दाराकडे येत होती, चेहरा राखेसारखा.

"चहा?" तिने जिबेकला विचारलं. "चहा? चहा?"

जगातली सगळी बोलणारी माणसं अंगणात होती, आणि हिला एवढंही विचारता येत नव्हतं की माझा नवरा गेला का. जिबेक तिच्याशेजारी बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा जिबेककडेही एक शब्द नव्हता.

गल्ली मोटारींनी तुंबलेली, म्हणून एसेनबेकने ट्रक रस्त्याच्या कडेलाच सोडला होता. पहाटे खिंड मोकळी झाली आणि तो निघाला होता, दाढी वाढलेली, झोप नाही. त्याने लांबून आपल्या फाटकात घोडे बघितले, डोलत रडणारे पुरुष बघितले, मेंढी बघितली. आपल्या घरात कोण आजारी आहे, हे त्याला ठाऊक होतं. टोपी पडली ती त्याने उचलली नाही. "ओ माझ्या सालकिन! ओ माझ्या सोबतिणी!" असा टाहो फोडत तो धावत सुटला आणि थेट रडणाऱ्यांच्या घोळक्यात घुसला.

कुबात काकांनी रीतीप्रमाणे त्याला मिठी मारली. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ते रडलेसुद्धा. मग त्यांनी डोकं वर केलं.

"एसेन?"

"कधी गेली?" बाबांनी विचारलं.

"कोण?"

"सालकिन!"

"सालकिन आत आहे. आम्ही तुझ्यासाठी आलोय."

अंगण असं शांत झालं की मेंढीने खिडकीतून बें केलं ते सगळ्यांनी ऐकलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग हसणं सुटलंच, भिजल्या डोळ्यांनी, पोट धरून. आत्या मात्र हसली नाही. तिने उठून भावाच्या छातीवर मुठी मारल्या, मग त्याला कवटाळलं, मग सगळ्यांदेखत म्हणाली, "हे तुझ्या पोरीचं काम. विचार तिला. तुझा कोशोक म्हणायला लावला, भरल्या तंबूत."

"पण काय म्हटला रे," एक म्हातारा नाक पुसत म्हणाला. "माझी बायको सांगत होती, एक शब्द इकडचा तिकडे नाही."

बाबा थबकले. "सगळे शब्द?"

"सगळे."

ते आत आले. आपा गालिच्यावर बसलेली. तिने त्यांचा कोट धरून त्यांना खाली ओढलं, त्यांचे गाल चाचपले, कान चाचपले, बर्फाने भरलेली दाढी चाचपली, आणि तिच्या तोंडातून तोच एक शब्द धो धो पडत राहिला, दहा हजार गोष्टी सांगायच्या असल्यासारखा. जिबेक भिंतीला टेकून उभी होती. मार बसला तर बसू दे, असं तिने ठरवलं होतं.

"जिबेक," बाबा म्हणाले, "हिच्या बाजूला बस. कसं करतेस ते कर."

"बाबा?"

"तो सूर लाव. मी समोर बसतो."

"एसेन!" आत्या दारात किंचाळली. "तोबा कर! जिवंतपणी समोर बसून स्वतःचा कोशोक कुणी ऐकलाय का?"

"ताई, मला भीती वाटत नाही असं नको समजूस." ते आपासमोर सरसावून बसले. "उद्या मला त्याच रस्त्याने जायचंय. पण मघाशी फाटकाबाहेर मला वाटलं, ही गेली. आणि पहिलं काय मनात आलं माहितीय? की ही मला काहीतरी सांगत होती, इतके महिने, आणि मी ऐकलंच नाही. तिच्याजवळ शब्द माझ्या मरणाचेच असतील तर तेच ऐकतो. म्हण, सालकिन."

आपाने मान जोरजोरात हलवली. तोंडावर हात नेला. बाबांनी तो हात खाली घेतला आणि जिबेकच्या हातात दिला.

जिबेकने ठोका दिला. सूर लावला, तिचाच आवाज चिरकला. आपा भिंतीकडे नाही, नवऱ्याकडे बघत होती.

"खिंडीवरच्या... बर्फामध्ये... दिवा तुझा..."

पुढचा शब्द तिने म्हटला नाही. 'विझला' म्हणायचं होतं, आणि दिवा समोर बसला होता, दाढीतून पाणी गळत. आपा थांबली. जिबेकने ठोका थांबवला नाही. नासिपा एजेंचं बोलणं तिच्या कानात घुमत होतं, चाल तीच ठेव. ठोका. ठोका. आपाची नजर खाली सरकली. कपाळावर शीर उठली.

"बूट... तुझे..." चाल तीच, मरणाची, लांब ओढलेली. "बूट तुझे... ओ... ओले... किती..."

बाबांनी बुटांकडे बघितलं. घाईत ते काढलेच नव्हते, गालिच्यावर डबकं साचलं होतं.

"ओले आहेत," ते म्हणाले. त्यांचा चेहरा वाकडातिकडा झाला. "काढतो. हे बघ, काढले."

"ओले... किती," आपा पुन्हा म्हणाली, आणि पुन्हा, तोच सूर, जणू कुणी हिसकावून घेईल. आत्या दारात पाठ फिरवून उभी होती, ओठ पुटपुटत होते, "दूर राहो, दूर राहो." पण ती गेली नाही.

त्या दिवशी एवढंच. दुसरं चित्र नाही, दुसरी वस्तू नाही. संध्याकाळी आपाला खिडकी लावून हवी होती, तर पुन्हा "चहा". बाहेर पाहुणे ती मेंढी खात होते आणि मेलेल्या माणसाशी पत्ते खेळत होते.

सकाळी बाबा निघाले. निघण्याआधी कोट घालून, टोपी हातात धरून ते आपासमोर बसले. "लवकर म्हण, इंजिन तापलंय," ते म्हणाले. आपाने म्हटलं, अर्धी ओळ त्या ड्रायव्हरची, अर्धी कसलीतरी, 'भाकरी'सारखं काही, कळलं नाही. बाबा म्हणाले, "घेतली." घेतली नव्हती. जिबेकने धावत जाऊन ट्रकमध्ये दिली.

मग ट्रक वर चढत गेला, दिसेनासा झाला, आणि फोनमधल्या बाईने सांगितलं की हा माणूस संपर्काबाहेर आहे.

आत्या गोठ्यात गेली नाही. ती चुलीपाशी बसली आणि जिबेककडे बघत राहिली. "तो तिथे पोचला असेल आता," ती म्हणाली. "त्या वळणावर."

"हो."

"परत येईपर्यंत नका म्हणू. एवढं ऐक माझं. आल्यावर म्हणा हवं तेवढं."

जिबेकला नाही म्हणवेना. तिलाही तेच हवं होतं. ती आपाकडे वळली, सांगायला की आज नको, आपा. उद्या. परवा. बाबा आल्यावर.

आपाने डावा हात पुढे केला. जिबेकचा तळवा आपल्या तळव्यात घेतला आणि स्वतःच ठोका दिला. एक. थांबली. पुन्हा एक. तिचे डोळे खिडकीबाहेरच्या रस्त्यावर होते आणि तीही घाबरलेली होती, हे जिबेकला त्या बोटांतून स्पष्ट कळत होतं. तरी ठोका चुकत नव्हता.

आत्याने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकात तोंड खुपसलं.

जिबेकने सूर लावला.